शायलॉकचा पराभव आणि आपला न्याय

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यालगत, सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत यांना खेटून मुकुंदवाडी वसलेली आहे. एके काळचे हे खेडे शहराने केव्हाच आपल्या पोटात घेतले. मराठवाड्यातील कोरडवाहू शेती सोडून आलेली माणसे येथे राहतात, कारखान्यात कंत्राटी काम करतात, हातगाडी लावतात, बांधकामावर जातात. या वस्तीच्या एखाद्या पटांगणात शेक्सपिअरचे 'व्हेनिसचा व्यापारी' हे नाटक लावले, तर कोणत्या प्रवेशाला टाळी पडेल? उत्तर देणे अवघड नाही. न्यायालयाच्या प्रवेशात सावकार शायलॉक हात हलवीत परत जातो, तेथेच टाळी पडेल.

ही टाळी आम्ही हलकी मानीत नाही. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा देऊन ज्यांच्या बापाने जमीन गमावली, दवाखान्याच्या खर्चासाठी शेकडा दहा रुपये महिना व्याजाने ज्यांनी पैसे उचलले, वसुलीचा माणूस दारात उभा राहून शेजाऱ्यांदेखत बोलतो तेव्हा ज्यांच्या घरातील बाईला तोंड लपवावे लागते, त्यांना सावकाराच्या पराजयाने आनंद होणारच. परंतु ज्या चळवळीला माणसे शहाणी करावयाची आहेत, तिने टाळी थांबल्यावर एक प्रश्न विचारलाच पाहिजे : त्या न्यायालयात नेमके कोण हरले? सावकारी हरली, की ज्यू हरला?

नाटकाचे कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. अँटोनिओ हा प्रतिष्ठित ख्रिस्ती व्यापारी. मित्रासाठी तो शायलॉक या ज्यू सावकाराकडून तीन हजार डुकाट कर्ज घेतो. मुदतीत फेड झाली नाही, तर अंगाचे पौंडभर मांस द्यावयाचे, असे खत लिहून देतो. याच अँटोनिओने यापूर्वी भर बाजारात शायलॉकला कुत्रा म्हटले आहे, त्याच्यावर थुंकला आहे, आणि कर्ज मागावयास आला असतानाही पुन्हा थुंकेन असे तो सांगतो. पुढे शायलॉकची मुलगी घरातील धन घेऊन एका ख्रिस्ती तरुणाबरोबर निघून जाते. अँटोनिओची जहाजे बुडाल्याची वार्ता येते आणि शायलॉक खताप्रमाणे मांस मागतो. वकिलाचा वेष घेतलेली पोर्शिया खताचा शब्दशः अर्थ लावते : मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडता कामा नये. येथे शायलॉक हरतो. टाळी पडते ती येथे.

पण नाटक येथे संपत नाही, आणि प्रेक्षकांचे लक्ष उडते ते नेमके येथून पुढे. परक्या माणसाने व्हेनिसच्या नागरिकाच्या जिवावर घाला घालण्याचा प्रयत्न केला, तर त्याची मालमत्ता जप्त व्हावी, असा कायदा पोर्शिया बाहेर काढते. नागरिकासाठी एक माप आणि परक्यासाठी दुसरे, असा हा कायदा आहे. शायलॉकची अर्धी मालमत्ता अँटोनिओच्या ताब्यात जाते, आणि ती पुढे मुलीला पळवून नेणाऱ्या तरुणाला मिळावयाची असते. उरलेली मालमत्ताही मरणानंतर त्याच जोडप्याच्या नावे लिहून द्यावी लागते. सर्वांवर कडी म्हणजे त्याने ख्रिस्ती व्हावे, अशी अट घालण्यात येते. या निकालाने एका तरी ऋणकोचे खत फाटले काय? व्याजाचा दर उतरला काय? शायलॉकने भर न्यायालयात दाखवून दिले होते की, तुम्ही विकत घेतलेले गुलाम पदरी बाळगता, त्यांना जनावरांसारखे राबविता आणि ती तुमची मालमत्ता म्हणता. मग मी विकत घेतलेले मांस माझे का नव्हे? या प्रश्नाला त्या दरबारात कोणीही उत्तर दिले नाही. निकाल लागला, आणि गुलाम गुलामच राहिले. एका धनिकाचे धन दुसऱ्या धनिकांच्या घरी गेले आणि एका माणसाचा धर्म हिरावला गेला. याला सावकारीचा पराभव म्हणणे ही आत्मवंचना होय.

हे नाटक सुमारे १५९६-९७ मध्ये लिहिले गेले आणि १६०० साली छापले गेले. इंग्लंडच्या राजाने १२९० सालीच ज्यूंना देशाबाहेर घालविले होते, आणि पुन्हा राहण्याची मोकळीक त्यांना मिळाली ती १६५६ च्या सुमारास. म्हणजे जो प्रेक्षक लंडनच्या नाट्यगृहात शायलॉकला हसत होता, त्याने आपला धर्म उघडपणे पाळणारा ज्यू बहुधा पाहिलाही नव्हता. १५९४ साली राणी एलिझाबेथचा वैद्य, मूळचा पोर्तुगीज ज्यू वंशाचा रॉडेरिगो लोपेझ याला राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून फाशी देण्यात आले होते, आणि त्या प्रकरणाने शहर तापले होते. न पाहिलेल्या माणसाचा द्वेष करणे सर्वांत सोपे असते, कारण त्याच्या चेहऱ्यावर वाटेल तो रंग चढविता येतो.

मग ज्यू सावकार का झाला? युरोपातील बहुतेक राज्यांत त्याला जमीन धारण करण्याची मुभा नव्हती. कारागिरांचे संघ त्याला दारात उभे करीत नव्हते. ख्रिस्ती धर्मशास्त्राने व्याज घेणे पाप ठरविले होते. परंतु राजाला युद्धासाठी आणि व्यापाऱ्याला जहाजासाठी कर्ज तर हवेच होते. हे पाप करावयास समाजाने एक परका माणूस नेमला, त्याच्याकडून पैसा घेतला, आणि पाप केल्याबद्दल त्याच्यावरच थुंकला. १५१६ साली व्हेनिसने आपल्या ज्यूंना एका बेटवजा वस्तीत कोंडले. रात्री तिच्या वेशी बंद होत. 'घेट्टो' हा शब्द जगाला त्या वस्तीने दिला.

सावकारी हा ज्यूचा स्वभाव नव्हे, तो त्याच्यावर लादलेला धंदा होता, याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोकणातील, विशेषतः कुलाबा जिल्ह्यातील, बेने इस्रायल ज्यू शेकडो वर्षे गावोगाव तेलाचे घाणे चालवीत आले. शनिवारी ते काम बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. ते मराठी बोलत, गावावरून आडनावे लावीत – दिवेकर, राजपूरकर, एरुळकर. सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. येथे त्यांच्या वस्त्यांना रात्री कुलपे लागली नाहीत, त्यांच्यावर हत्याकांडे झाली नाहीत. धर्म तोच, शनिवार तोच. पण येथे त्या धर्माच्या माणसाच्या हाती घाणा होता आणि तेथे खतावणी होती. फरक रक्तात नव्हता, कायद्यात आणि समाजाच्या रचनेत होता.

तथापि यावरून आपण आपलीच पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. आपल्या समाजाने ज्यूला छळले नाही, पण त्याला स्वीकारले ते जातीच्या उतरंडीतील एक पायरी देऊनच. आणि ती उतरंड इतकी सांसर्गिक निघाली की बेने इस्रायलांमध्येही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद शिरला. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य माणसे इस्रायलला गेली. तेथे त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेण्यात आली, विवाहाच्या बाबतीत धर्मपीठाने अडथळे घातले, आणि चळवळ केल्यानंतर १९६४ साली तेथील संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्या ज्यूला युरोपने परका ठरविले, त्याच ज्यूच्या राज्यात मराठी ज्यू परका ठरू शकतो. परकेपणा ही कोणा एका जमातीची जन्मखूण नव्हे. ज्याच्या हाती सत्ता असते तो ती दुसऱ्याच्या कपाळावर उमटवितो.

आता आपल्या शायलॉककडे वळू. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. याची ठिणगी आदल्या वर्षीच पडली होती. शिरूर तालुक्यातील करडे गावी कालूराम नावाच्या मारवाडी सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापोटी बाबासाहेब देशमुख यांचे घर व जमीन घेतली, भाड्याने राहू देण्याची त्यांची विनंतीही मानली नाही आणि घर पाडावयास काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्या बहिष्कारातून पुढे दंगा उभा राहिला.

या दंग्याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली आपल्या अभिमानाची. दंगेखोरांना हवी होती ती खते, रोखे आणि हुकूमनामे. सावकाराने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. दिले नाहीत तर घरे पेटली. एवढा मोठा उठाव होऊन रक्तपात फार थोडा झाला. शायलॉकने कागदाच्या आधारे मांस मागितले. दख्खनच्या शेतकऱ्याने मांस सोडून कागद मागितला. आपल्याला लुटणारी वस्तू माणूस नसून त्याच्या हातातील दस्तऐवज आहे, हे त्या निरक्षर शेतकऱ्याला कळले होते. ते पुष्कळ साक्षरांना आजही कळत नाही.

दुसरी गोष्ट मात्र खाली मान घालावयास लावणारी आहे. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाला असे आढळले की, मार खाल्ला तो बहुतांशी मारवाडी आणि गुजर सावकारांनी. ज्या गावांत ब्राह्मण व इतर स्थानिक जातींचे सावकारही तोच धंदा करीत होते, तेथे सर्वसाधारणपणे बाहेरून आलेल्यांनाच वेचून काढण्यात आले. धंदा एक, व्याज एक, खत एक. पण राग निघाला तो परक्यावर. कागद जाळण्यात वर्गाची जाणीव होती. आपल्यातल्या सावकाराला वगळण्यात ती जाणीव संपली आणि पूर्वग्रह सुरू झाला. दख्खनच्या त्या उठावात न्याय आणि व्हेनिसचा दरबार असे दोन्ही शेजारी शेजारी उभे होते.

आणि खरा अपराधी त्या दिवशी सुप्याच्या बाजारात नव्हताच. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून तो वाढविला होता. महसूल रोख आणि मुदतीत द्यावयाचा, पीक येवो वा न येवो. रयत सावकाराच्या दारी गेली ती या तगाद्यामुळे. आणि सावकार निर्धास्त झाला तो इंग्रजांच्या दिवाणी न्यायालयामुळे, कारण तेथे खतावरील अंगठा पाहिला जाई, त्यामागची हकीकत कोणी विचारीत नसे. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा सावकाराबरोबरच सरकार, कचेरी आणि कारकून यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. व्हेनिसच्या राज्यकर्त्याप्रमाणे येथील राज्यकर्ताही न्यायासनावर बसून राहिला होता. फुल्यांनी त्याला खाली ओढले.

दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, अवाजवी व्याज कापता येऊ लागले, कर्जापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली काम पाहिले. हा कायदा अपुरा होता. त्याने महसुलाचा बोजा हलका केला नाही, आणि गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट सावकारांनी शोधली. आपला मराठवाडा तर निजामाच्या राज्यात होता, तेव्हा येथील शेतकऱ्याला त्याचा लाभच नव्हता. तरीही पोर्शियाचा निकाल आणि हा कायदा यांतील अंतर ध्यानात घ्यावे. पोर्शियाने शब्दाची फिरकी घेऊन एका माणसाला हरविले आणि तो परका आहे म्हणून त्याला लुटले. या कायद्याने सावकाराची जात विचारली नाही. व्यवहार न्याय्य आहे की नाही, एवढेच विचारले. सूड माणूस पाहतो, न्याय व्यवहार पाहतो.

शायलॉकच्या तोंडचे एक भाषण जगभर गाजले आहे. ज्यूलाही डोळे आहेत, हात आहेत, टोचले तर त्याचेही रक्त निघते, असा त्याचा आशय. हे भाषण माणुसकीचे म्हणून उद्धृत केले जाते. पण बहुतेक लोक त्याचा शेवट सोडून देतात. शायलॉक पुढे म्हणतो की, आम्ही तुमच्यासारखे आहोत तर तुमच्यासारखा सूडही घेऊ. दुष्टावा तुम्हीच शिकविलात, आता आमचे कसब पाहा. समतेच्या पायावर त्याने सुडाचा कळस चढविला. ज्याला आयुष्यभर कुत्रा म्हटले गेले त्याने चावावे यात नवल नाही. पण चावल्याने कुत्रा म्हणणाऱ्याचेच म्हणणे खरे ठरले आणि शायलॉकच्या हाती काही उरले नाही.

मराठवाड्यातील वाचकाला हे भाषण परके वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या एका लिखाणाच्या शीर्षकातच अस्पृश्यांना भारताच्या घेट्टोतील लेकरे म्हटले आहे. व्हेनिसमधील बंद वेस आणि आपल्या गावकुसाबाहेरची वस्ती यांतील नाते त्यांनी अचूक ओळखले होते. ज्यू परदेशात परका होता. दलित स्वतःच्या गावात परका राहिला. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेथील विद्यापीठाला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, आणि मराठवाड्यातील खेड्यांत दलितांची घरे पेटली. माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, कुटुंबेच्या कुटुंबे गावे सोडून शहरांकडे आली. त्यांच्याजवळ सुडाचे कारण शायलॉकपेक्षा शतपट मोठे होते. त्यांनी काय केले? १९७९ साली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च काढला, सत्याग्रह केले, तुरुंग भरले, लाठ्या खाल्ल्या, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार मिळविला. सोळा वर्षे लागली. शायलॉकच्या भाषणाचा पहिला अर्धा भाग त्यांनी घेतला – आम्हीही माणसे आहोत – आणि दुसरा अर्धा नाकारला. जगातील कोणत्याही रंगभूमीने दाखविला नाही असा हा चौथा पर्याय येथे घडला : थुंकी गिळणे नाही, सुरी पाजळणे नाही, धर्मांतराची जबरदस्ती सोसणे नाही, संघटितपणे आपला हक्क घेणे.

आजचे काय? सूड आणि न्याय यांची गल्लत आज राज्यकर्तेच करू लागले आहेत. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर बुलडोझर फिरवावयाचा आणि गर्दीने टाळ्या वाजवावयाच्या, असा प्रघात काही राज्यांत पडला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आरोपी आहे म्हणून घर पाडणे घटनाबाह्य आहे. नोटीस आणि सुनावणी यांखेरीज असे करता येणार नाही. एकाच्या अपराधासाठी त्याची आई, बायको, पोरे उघड्यावर आणणे हा दंड नव्हे, तो सूड होय. मुकुंदवाडीसारख्या वस्तीतील माणसाने हे विसरता कामा नये, कारण उद्या टाळी वाजविणाऱ्याचेही छप्पर कोणत्या तरी नकाशात बसत नसते.

ज्यूंच्या बाबतीतही हाच निकष लावला पाहिजे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत नरिमन हाउसमध्ये निरपराध ज्यूंना ते ज्यू आहेत म्हणून मारण्यात आले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये हमासने नागरिकांची कत्तल केली. आणि त्यानंतर इस्रायलच्या सरकारने गाझामध्ये हजारो मुलाबाळांवर जो संहार लादला, त्याचाही निषेध आम्ही तितक्याच स्पष्टपणे करतो. इस्रायल सरकारच्या कृत्यांचा जाब अलिबागच्या वा ठाण्याच्या ज्यू शेजाऱ्याला विचारणे हा पूर्वग्रह आहे. आणि युरोपने केलेल्या छळाची परतफेड पॅलेस्टिनी माणसाकडून वसूल करणे हा शायलॉकपेक्षाही वाईट हिशेब आहे, कारण शायलॉकने निदान आपल्या अपराध्यालाच न्यायालयात ओढले होते.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी दोन शब्द. सावकारी संपलेली नाही. तिने वेष बदलला आहे. ती आता भ्रमणध्वनीवरील कर्जाच्या ॲपमधून येते, आठवड्याच्या हप्त्यातून येते, कोऱ्या धनादेशावरील सहीतून येते. बहुतेक वेळा ती आपल्याच जातीच्या, आपल्याच गल्लीतील, आपल्याच मिरवणुकीला वर्गणी देणाऱ्या माणसाच्या हातून येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरविला आहे, आणि अशा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करण्याची सोय ठेवली आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बसून असे अर्ज लिहून द्यावेत, हप्त्यांचा हिशेब मांडून दाखवावा, वसुलीच्या वेळी शेजाऱ्यांनी दारात एकत्र उभे राहावे, अशी व्यवस्था करावी. मात्र एक पथ्य कडकपणे पाळावे : घोषणेत सावकाराची जात येता कामा नये, त्याचा प्रांत येता कामा नये, त्याचा धर्म येता कामा नये. ज्या क्षणी ते येईल, त्या क्षणी आपल्यातला सावकार सुटला असे समजावे.

आणि मुकुंदवाडीच्या पटांगणात हे नाटक कधी लागलेच, तर न्यायालयाच्या प्रवेशानंतर पडदा थोडा वेळ रोखावा आणि प्रेक्षकांना विचारावे : तुमचे खत फाटले का? गुलाम सुटला का? उद्या तुम्हीच परके ठरलात, तर या न्यायालयात उभे राहावयास तुम्ही तयार आहात का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या समाजात होकारार्थी येतील, त्या समाजासाठी आपली चळवळ आहे.